आपोआप बसलेली गरमी

माझ्या खोलीत येणारा पुरुष पहिल्या दिवशी कधीच स्वतःसाठी आलेला नसायचा. तो मित्रासाठी यायचा.

"मॅडम, माझ्या एका मित्राला जरा तसलं झालंय."

"मित्र कुठं आहे?"

"गावाकडं हाय. लाजतोय."

मित्राचं वय विचारलं की तो थोडा वेळ छताकडं बघायचा आणि स्वतःचं वय सांगायचा. जखम कुठं आहे, कधीपासून आहे, हे मात्र त्याला बारीकसारीक ठाऊक असायचं. शेवटी मी म्हणायची, "मित्राला सांगा, रक्त त्याचंच लागेल. तुमचं चालणार नाही." एवढं ऐकल्यावर बहुतेक मित्र त्याच दुपारी गावाकडून येऊन पोचायचे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत माझी नोकरी झाली. गुप्तरोगाच्या तपासणीशेजारी एक छोटी खोली असते, त्या खोलीत मी बसायची. दारावर पाटी 'समुपदेशन'. रहिमतपूरकडच्या एका आजोबांनी पाटी नीट वाचून विचारलं होतं, "म्हंजी समोर बसून उपदेश करनार त्या तुमीच व्हय?" खरं तर उपदेश करायचा नाही, ही या कामाची पहिली अट. ऐकायचं, समजेल अशा शब्दांत रोग सांगायचा, औषध पुरं घ्यायला लावायचं, आणि ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही. सख्ख्या आईला नाही, नवऱ्याला नाही, गावच्या पुढाऱ्याला तर नाहीच. आता इथं लिहितानाही मी नावं-गावं बदललीच आहेत. ज्या मावशींबद्दल मुख्यतः लिहिते आहे त्या मात्र म्हणाल्या होत्या, "खरं नाव घातलं तरी चालंल. मी कुनाच्या बापाला भीत न्हाई." तरीही बदललं आहे.

माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त गैरसमज ज्या रोगाचे आले त्याला डॉक्टर सिफिलिस म्हणतात, पुस्तकात उपदंश म्हणतात आणि आमच्याकडं गरमी म्हणतात. या शेवटच्या नावानंच घात केलाय. गरमी म्हटलं की माणसाला वाटतं, अंगात उष्णता झाली. आंबा जास्त झाला, वांगं बाधलं, उन्हात हिंडणं झालं. मग सब्जा प्या, गुलकंद खा, ताक प्या. आणि गंमत अशी, की या उपायांनी गुण येतो! म्हणजे आल्यासारखा दिसतो. कारण या रोगाची पहिली जखम दुखत नाही, आणि काही आठवड्यांत काहीच न करता आपली आपण भरून येते. श्रेय गुलकंदाला जातं. रोग तिथंच असतो, रक्तात. कधी पुढं अंगावर पुरळ येतं, तेही जातं. मग कित्येक वर्षं माणूस ठणठणीत दिसतो, नांगरतो, लग्नात नाचतो, आणि आत रोग असतोच. पुढं कधी तो काळजाला, मेंदूलाही गाठतो.

इस्लामपूरकडचा एक पैलवान गडी आठवतो. तळहातांवर आणि तळपायांवर लालसर ठिपके घेऊन आला होता. म्हणाला, "उसाचं पाचट लागलंय." मी विचारलं, "तळपायालाबी?" तर म्हणाला, "पाचटातनंच चाललोय की." त्याची पक्की खात्री होती, की कसदार शरीराला असला रोग धरतच नाही. त्याला पेनिसिलिन मिळालं, बरा झाला. काही वर्षांनी मात्र दुसरीकडं रक्त तपासल्यावर पुन्हा रोगाची खूण निघाली म्हणून तो रडकुंडीला येऊन धावत आला. त्याला समजावलं, की एक तपासणी बरं झाल्यावरही आयुष्यभर खूण दाखवतच राहते. जखम भरली तरी वण राहतो तसं. दुसरी एक तपासणी असते, तिच्यावरून रोग उतरला की नाही ते कळतं. ती केली, तो ठीक होता. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "मग एकदा झाल्यावर परत व्हत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "होतो. परत गेलात तर परत होतो."

संडासातून, खुर्चीवर बसून, दुसऱ्याच्या ताटात जेवून, कपड्यांतून हा रोग होत नाही. शरीरसंबंधातून होतो, आणि आईकडून पोटातल्या बाळाला होतो. म्हणून प्रत्येक गरोदर बाईचं रक्त आम्ही यासाठी तपासतो.

कोमल मला अशीच भेटली. तेव्हा माझी नेमणूक सांगलीच्या पूर्वेच्या कोरड्या भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होती. तिला पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण, वय बावीस-तेवीस. धनगराची सून. घरची मेंढरं कधीच विकून झाली होती, आता डाळिंबाची बाग होती. नवरा बिरू उत्तरेत एका शहरात गलाईच्या दुकानात कामाला. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायचं हे काम. आमच्या भागातली पोरं त्या कामासाठी देशभर गेलेली आहेत. घरी कोमल आणि तिची सासू हौसाबाई, दोघीच.

कोमलच्या रक्तात सिफिलिस निघाला. मी तिला एकटीला बसवून सांगितलं. रोग काय आहे, बाळाला काय धोका आहे, आणि दर आठवड्याला एक अशी तीन वेळा सुई घेतली तर बाळ वाचतं, हेही सांगितलं. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "सुई आजच मिळंल का?" पेनिसिलिन अंगाला मानवतं का ते बघून डॉक्टरांनी लगेच दिली. औषध दाट पांढरं, सुई जाड, कंबर ठणकते. तीही सोसली. "नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी," मी म्हटलं. ती म्हणाली, "मी सांगती त्यास्नी फोनवर."

पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी ती आली नाही.

गरोदरपणात ही सुई वेळेत घ्यावी लागते. मध्ये अंतर फार पडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि तोवर पोटातल्या जिवाचं काय होईल ते सांगता येत नाही. तिच्या घरी जाणंही धोक्याचं. दवाखान्याची बाई दारात आली म्हटल्यावर गावभर चर्चा. मी संध्याकाळी फोन लावला. तो हौसाबाईंनी उचलला.

"कोन?"

"दवाखान्यातून बोलतेय. कोमलची आज तारीख होती."

"तारीख न्हाई आन काय न्हाई. ती माह्यारला चाललीया. कायमची."

फोन बंद झाला. झालं होतं ते असं: कोमलनं नवऱ्याला सांगितलं, नवरा फोनवरच ओरडला, "रोग तुझ्या रगतात निगालाय, माझ्या न्हाई. तुला कुठनं झाला?" आणि लगेच आईला फोन करून त्यानं बायकोला घालवून द्यायला सांगितलं. हा फार जुना गैरसमज. ज्याच्या नावावर तपासणी निघते त्याच्या नावावर पाप निघतं. बायकांची तपासणी गरोदरपणात होतेच, पुरुषांची कोण करतो? त्यामुळं रोग कुठूनही आलेला असो, सापडतो बाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला आणि हौसाबाई कोमलला घेऊन दारात उभ्या राहायला एकच गाठ पडली. उंच, काटक बाई, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण, हातात काठी. मागं कोमल. तिच्या हातात कपड्यांची पिशवी आणि पिशवीत वेगळं काढलेलं ताट-तांब्या. घरात तिला आठवडाभर त्याच ताटात वाढलं होतं.

"बसा," मी म्हटलं.

"न्हाई बसत. हितं कोन कोन बसून गेलं आसंल." त्या काठी टेकून उभ्याच राहिल्या. "हिच्या आईबाच्या दारात हिला सोडाय चाललीया. त्यांच्याफुडं सांगाय मला दवाखान्याचा सबुद पायजे. हिला ह्यो रोग कुठनं आला त्येवढं सांगा."

मी कोमलकडं बघितलं. तिच्या परवानगीशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं.

"सांगा मॅडम," कोमल म्हणाली. "समदं सांगा. मला लपवायसारकं काय न्हाई."

मी सांगायला सुरुवात केली. "मावशी, रोग आहे एवढंच रक्त सांगतं. कुणी कुणाला दिला ते सांगत नाही. कधी झाला तेही बहुतेक वेळा कळत नाही. वर्षानुवर्षं अंगात असतो आणि माणसाला पत्ता नसतो. ताटातनं लागत नाही, संडासातनं लागत नाही. ह्या पोरीला वेगळं वाढायची काही गरज नाही. गरज आहे ती सुईची. कारण औषध नाही झालं तर लेकरू पोटात दगावतं. सातव्यात, आठव्यात. कधी जिवंत येतं आणि चार दिवसांत जातं."

हौसाबाईंनी एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "पोटात मरतंया म्हनला?"

"हो."

"मग बाहीर येतंया तवा… त्येचं कातडं सुटल्यालं असतंया का?"

त्यांना हे कुठून माहीत, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि मी तो गिळला. मी फक्त "हो, असं असतं कधी कधी," म्हटलं.

हौसाबाई खुर्चीवर बसल्या. मग भिंतीकडं बघत बोलायला लागल्या.

"माझी तीन गेली. पैला सातव्यात. दुसरी पोरगी हुती, आठव्यात. हात लावला की कातडं हाताला यायचं, भाजल्यावानी. तिसरं जितं आलं, रडलं बी, पर चौथ्या दिशी गेलं. मालक मेंढरं घिऊन घाटाकडं असायचं सहा-सहा म्हैनं. सासू म्हनली, हिची कूस लेकरं खाती. मला माह्यारला सोडली. असंच, पिशवी दिऊन. दोन वरसं हुती मी तिकडं. देवाचं काय काय क्येलं. वल्या लुगड्यानं दंडवत घातलं. मग परत नेलं, आन त्येच्यामागनं ह्यो बिरू झाला."

कोमलनं पिशवीतून तो वेगळा काढलेला तांब्या काढला, बाहेरच्या नळावर जाऊन भरून आणला आणि सासूपुढं धरला. हौसाबाईंनी तांब्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायल्या.

माझ्या सगळ्या नोकरीत मी पुष्कळ बोलले असेन, पण त्या पोरीनं एक शब्द न बोलता जे केलं तसं मला कधी साधलं नाही.

"मला ह्योच रोग हुता का?" हौसाबाईंनी विचारलं.

"मावशी, नक्की सांगता येणार नाही. लेकरं दगावायला दुसरीही कारणं असतात. तुमचं रक्त बघू शकतो."

त्यांनी लुगड्याचा पदर सावरला आणि हात पुढं केला. "काडा."

कोमलला उशीर एकाच दिवसाचा झाला होता. डॉक्टर म्हणाले, चालेल. तिची दुसरी सुई त्याच सकाळी झाली. कपड्यांची पिशवी माहेरी गेली नाही.

हौसाबाईंच्या रक्तात रोग निघाला. जुना, कधीचा ते सांगता न येणारा. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, काळजाचे ठोके बघितले, आणि त्यांनाही तीन सुया लिहून दिल्या. हे सांगायला मी त्यांना एकटीला आत बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता.

"मग बिरू कसा वाचला?"

"रोग जसा जुना होत जातो तसा त्याचा पोटातल्या बाळावरचा जोर कमी होतो. आधीची लेकरं जातात आणि नंतरचं चांगलं निपजतं, असं घडतं."

"म्हंजी देवाचा कोप न्हवता."

"नव्हता."

"आन माझी कूस…"

"तुमच्या कुशीचा काही दोष नव्हता, मावशी. तुमच्या वेळेला कुणी रक्त तपासलं असतं तर सुयांनी तुमचीही वाचली असती कदाचित."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, "माझी सासू मेली. आता तिला कोन सांगनार?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रडका नव्हता. पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "बिरूला फोन लावा. हितंच. समद्यांफुडं."

सगळे म्हणजे मी, त्या आणि कोमल. कोमलला आत बोलावून तिच्याच फोनवरून लावला. आवाज मोठा ठेवला. बिरूला आधीच सांगितलं, की दवाखान्यातून बोलतोय, मी ऐकते आहे.

"आई, मला काय बी झालं न्हाई," तो म्हणाला. "मी धडधाकट हाय. मागं एकदा जरा गरमी झालती, बारकी जखम. दुखत बी नव्हती. गुलकंद खाल्ला, आपोआप बसली."

कोमल खाली बघत होती. हौसाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"बसली न्हाई रं," त्या म्हणाल्या. "ती तुझ्या बायकूच्या पोटात जाऊन बसली."

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आईक बिरू. तुझ्या बापानं मला काय दिलं ते त्यास्नी सोताला बी ठावं न्हवतं. माझी तीन लेकरं गेली आन मी देवाला शिव्या घातल्या. त्येंच्याव माझा राग न्हाई, अडाणी हुतं. पर तुला आज ठावं झालंया. आता न्हाई आलास तर त्यो अडाणीपना न्हवं. गाडी धर."

"आई, मालक सुट्टी…"

"गाडी धर, म्हनली न्हवं."

तो आला. चार दिवसांनी, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली घालून. माझ्या अनुभवात नवऱ्यांपैकी फार थोडे येतात. बायकोला नावं ठेवणारे पुष्कळ, रागावून फोन बंद करणारे त्याहून जास्त. नोकरी संपताना मनात हीच खंत राहिली, की या रोगाशी लढताना निम्मी माणसं मैदानात आलीच नाहीत. बिरू आला, रक्त दिलं, रोग निघाला. मी नेहमीचं वाक्य सुरू केलं, की कुणाकडून कुणाला गेला हे रक्त सांगत नाही. त्यानं मला मध्येच थांबवलं. "मला ठावं हाय, मॅडम. मी तिकडं गेलतो, लग्नाच्या आदी आन मागनं बी."

तो कोमलची माफी मागायला वळला तेव्हा कोमल म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या. आत्तींच्या म्होरं सांगा, ह्यो माझ्यामुळं झालाया म्हनून. मग सुई घ्या." तिचा आवाज बारीक होता, पण त्यात मागे हटायची जागा नव्हती. त्यानं आईसमोर सांगितलं. मग सुई घेतली, आणि त्या इस्लामपूरच्या पैलवानापेक्षा जास्त कण्हला. हौसाबाई बाहेर बाकावर बसून ऐकत होत्या. "घी, घी," त्या म्हणाल्या, "आमी दोगी बी घेतोय, न ओरडता."

पुढचे आठवडे सासू आणि सून एकाच एसटीनं यायच्या. कंबर धरून एकमेकींच्या आधारानं दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या. तिघांच्याही सुया पुऱ्या झाल्या. रोग उतरल्याची खात्री होईपर्यंत काय पाळायचं, निरोध कसा वापरायचा, हे मी बिरूला एकट्याला सांगितलं. त्यानं खालमानेनं का होईना, पण ऐकलं.

कोमलला मुलगी झाली. दिवस भरून, चांगल्या वजनाची. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, रक्तही बघितलं, आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा दिल्या. त्या सगळ्या चांगल्या निघाल्या. मी वॉर्डात गेले तर हौसाबाई नातीच्या टाचेवरून, पोटरीवरून, पाठीवरून एका बोटानं हात फिरवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बगा वो मॅडम, कसं घट्ट हाय." एवढंच. पुन्हा आपलं बोट फिरवत बसल्या.

इथंच ही हकीकत संपली असती. पण माझी मिरजेला बदली व्हायच्या थोडं आधी एक प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय हौसाबाई पुऱ्या होत नाहीत.

त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी होती. ओसरीत मोठी रांग लागली होती, बरोबर सासवा, आया, नणंदा. हौसाबाई शेजारच्या एका नव्या सुनेला घेऊन आल्या होत्या. ती पोरगी रक्त द्यायला घाबरत होती आणि तिची सासू मागून कुजबुजत होती, की चांगल्या घरच्या बायकांना असल्या तपासण्या कशाला. हौसाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"मला हुता ह्यो रोग. मी चांगल्या घरची न्हाई व्हय? तीन लेकरं पुरली मी, अन कुनी रगत बगितलं न्हाई. माझ्या सुनेचं बगितलं, तर माझी नात घरात रांगतीया. ज्येला लाजायचं त्येनं लाजा. पर सुई घिऊन लाजा."

आयुष्यभर मी ज्यांची गुपितं सांभाळली त्यातल्या एकाही माणसानं स्वतःचं गुपित असं भर ओसरीत मांडलं नव्हतं. मला ते सांगायचा अधिकार नव्हता, कधीच नसता. तो हौसाबाईंचाच होता आणि त्यांनी तो वापरला. एक म्हातारी "आगं बया, चारचौघांत काय बोलती ही," म्हणून तोंडाला पदर लावून बसली. नवी सून मुकाट्यानं पुढं झाली आणि तिनं हात पुढं केला.

रांगेच्या बाजूला एक कोवळी पोरगी बसली होती. तिचं रक्त आधीच देऊन झालं होतं, दंडाला कापूस दाबून ती निकालाची वाट बघत होती. ती उठून खांबाआड गेली, फोन लावला, आणि मला ऐकू आलं: "आवं, कुठं हाय तुमी? पाराव बसला आसाल तर या हिकडं, दवाखान्यात. न्हाई, माझं झालं. आता तुमचं ऱ्हायलंय."